दुसरा पाट

खर्ज्याचं खरं नाव दुकानाच्या ओळखपत्रावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं होतं. बाकी सगळ्या जगाला तो खर्ज्या. हे नाव ठेवलं भाऊजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. ऐन विशीत हा पठ्ठ्या चार जाड तारांची बेस गिटार घरी घेऊन आला आणि खिडकीच्या काचा थरथरेपर्यंत एकच स्वर वाजवत बसला. भाऊजींनी पेपर खाली ठेवला, थोडा वेळ कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "अरे, याचं गाणं कधी सुरू होणार? का हा नुसता खर्जातच घुमत बसणार?" झालं. त्या दिवसापासून खर्ज्या तो खर्ज्याच.

आता तो पंचेचाळिशी ओलांडलेला, डोक्यावर मधोमध विरळ झालेला माणूस होता. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला बसून फ्रेममध्ये काचा बसवायचा. राहायला बहिणीच्याच घरात, मागच्या खोलीत. लग्नाचं राहून गेलं. कुणी विषय काढला की तो नुसता हसायचा, आणि विचारणारा कंटाळून निघून जायचा. गप्प राहून वेळ मारून न्यायची कला त्याला लहानपणापासूनच साधली होती. वाद्यही त्याने आपल्या स्वभावाला शोभेल असंच धरलं. बेस वाजवणाऱ्याला पुढे यावं लागत नाही, बोलावं लागत नाही, मागे उभं राहून आपलं काम केलं की भागतं.

दुकान सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी तो चार जुन्या मित्रांबरोबर वाजवायचा. कुठे कचेरीतला निरोपसमारंभ, कुठे हॉटेलातली वाढदिवसाची पार्टी. बेसचा आवाज स्पीकरपर्यंत जाण्याआधी तो पायाजवळच्या छोट्या छोट्या डब्यांतून फिरवून आणायचा असतो. या डब्यांना म्हणायचं पेडल. एक पेडल आवाज आवळून धरतं, एक त्याला खरखरीत करतं, एक त्याला सूज आल्यासारखा फुगवतं. वाजवता वाजवता पायाने बटण दाबायचं आणि हवं ते पेडल चालू करायचं. ही सगळी बिऱ्हाडं एका फळीवर पक्की बसवली की झाला पेडलबोर्ड.

खर्ज्याचा पेडलबोर्ड भाऊजींनी घडवला होता. भाऊजी फर्निचरच्या कारखान्यात सुतार. त्यांच्या हातून हलकी वस्तू कधी तयारच झाली नाही. साधा पोळपाट करायला सांगितला तरी त्यावर माणूस उभा राहिला पाहिजे असा त्यांचा खाक्या. त्यांनी मेव्हण्यासाठी भरीव लाकडाचा, चार बुटक्या पायांचा, वर झाकण असलेला बोर्ड केला आणि त्याला दोन्ही बाजूंनी पितळी कड्या ठोकल्या. दिसायला थेट पाट. त्यामुळे घरात त्याला कुणी बोर्डबिर्ड म्हटलंच नाही. "खर्ज्या, तुझा पाट दारात आलाय, पाय अडकतोय," असं ताई ओरडायची, आणि पुढे बँडवालेही पाटच म्हणायला लागले. एकट्याने उचलायची तर सोयच नव्हती. एका कडीला खर्ज्या आणि दुसऱ्या कडीला भाऊजी, अशी ही वरात वर्षानुवर्षं जिने चढत-उतरत होती.

मग कारखाना बंद पडला. भाऊजी घरी बसले. पहिले काही महिने त्यांनी घरातली प्रत्येक खुर्ची, प्रत्येक कपाट दुरुस्त केलं, ज्यांना काही झालं नव्हतं तीसुद्धा. ते संपल्यावर खिडकीशी बसून राहायला लागले. ताई कपड्यांच्या दुकानात अल्टरेशनचं काम करायची. ती सकाळी जाताना ज्या खुर्चीत त्यांना बघायची, संध्याकाळी त्याच खुर्चीत ते असायचे. एकदा तिने खर्ज्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"कार्यक्रमाला जाशील तेव्हा यांना नेत जा. कुठल्याही कार्यक्रमाला. तेवढ्यासाठीच दाढी करतात रे ते."

खर्ज्याने मान हलवली. आणि तो नेत राहिला, हेही खरं.

पण भाऊजींना घेऊन जाणं म्हणजे काही साधं काम नव्हतं. ते हॉलवर पोहोचले की आधी दरवानाची चौकशी करणार, मग वायरमनची, मग आचाऱ्याची. कार्यक्रम सुरू झाला की पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या मधोमध बसणार आणि तालाला मान डोलवणार, फक्त त्यांचा ताल वेगळा असणार. एकदा तर भर गाण्यात ते स्टेजवर चढले, गिटारवाल्याच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "बुटाची नाडी सुटलीय हो, पडाल." लोक हसले. बँडवालेही हसले. ड्रम वाजवणारा ठोक्या म्हणायचा, भाऊजी नसले तर मला हातच उचलवत नाही. हसला नाही तो एकटा खर्ज्या. त्याचे कान लाल झाले होते, आणि कान लाल झाल्याची त्याला पुन्हा वेगळी लाज वाटत होती.

त्या कार्यक्रमाला एक तरुण गायक आला होता. घरातसुद्धा टोपी घालून फिरणाऱ्यांतला. त्याने नंतर खर्ज्याला गाठलं. त्यांचा तिघांचा बँड होता, नवीन गाणी करायचे, कॉफीच्या दुकानांतून वाजवायचे, आणि त्यांना बेसवाला हवा होता.

"दादा, तुमचं वाजवणं मला फार आवडलं. याल का?" टोपीवाला म्हणाला. "फक्त एक आहे. आमची जागा जेवायच्या टेबलाएवढी असते. ती तुमची पेटी काही मावायची नाही. आणि..." त्याने भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी तेव्हा आचाऱ्याला चाकूची मूठ कशी धरावी ते दाखवत होते. "आणि माणसंही जितकी कमी तितकं बरं."

खर्ज्याने तिथेच म्हणायला हवं होतं की ते माझे भाऊजी आहेत, माझ्याबरोबर येतात. तो म्हणाला, "बघतो."

बघायचं काही नव्हतंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याला, एकट्या त्याला, बोलावलं होतं. त्याच्या मनात उकळ्या फुटत होत्या. घरी येईपर्यंत त्याने ठरवूनही टाकलं होतं: एक छोटा बोर्ड करायचा. दप्तरासारखा खांद्याला लावून नेता येईल असा. एकट्याने. हा शेवटचा शब्द मनात आला तेव्हा दुसऱ्या कडीला भाऊजी होते. जिन्याच्या वळणावर ते थांबले आणि म्हणाले, "जरा थांब, किल्ली बघतो खिशात." हल्ली प्रत्येक वळणावर ते किल्ली बघायचे. किल्ली शोधायच्या निमित्ताने पाट खाली ठेवायचे आणि उजवा खांदा हळूच फिरवून घ्यायचे. खर्ज्याला ते दिसायचं. पण भाऊजींना ते दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून तोही न दिसल्यासारखं करायचा.

छोटा बोर्ड त्याने दुकानात, जेवणाच्या सुट्टीत केला. दुकानाच्या जुन्या शोकेसमधल्या दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्या अडगळीत पडल्या होत्या. त्या समोरासमोर ठेवून, मध्ये वायरी खाली सोडण्यापुरती फट राखून, त्याने स्क्रूने जोडल्या. आधी पुठ्ठ्यावर पेडलांचे आकार काढून कापले आणि मांडून पाहिले. मोठ्या पाटावर आठ पेडलं होती. इथे चारच मावत होती. मग सुरू झाली निवड. कोण नसलं तरी चालेल? सूज आणणारं गेलं. पाण्यात बुडवल्यासारखा आवाज करणारं गेलं. राहिला तारा जुळवायचा ट्यूनर, आवाज आवळणारा कॉम्प्रेसर, एक खरखरवालं आणि शेवटचं ते, ज्याच्यातून थेट स्पीकरला वायर जाते. कोण नसलं तरी चालेल हा प्रश्न त्याने पुठ्ठ्याच्या तुकड्यांपुरताच ठेवला, पुढे नेला नाही. नेला असता तर हात थांबला असता.

आखूड वायरी करून घ्यायला तो ठोक्याकडे गेला. ठोक्याचं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. खर्ज्याने पिशवीतून बोर्ड काढला तेव्हा ठोक्या खो-खो हसत सुटला.

"अरे वा रे वा! पहिलं लग्न व्हायच्या आधीच दुसरा पाट लावतोस? आणि तोही चोरून? कोण आहे ती भाग्यवान?"

"जरा हळू बोल."

"नाजूक आहे हो नवरी. जुनीसारखी धष्टपुष्ट नाही." ठोक्याने बोर्ड एका हाताने उचलून तोलला आणि त्याचं हसू हळूहळू ओसरलं. "भाऊजींनी पाहिला?"

"नाही."

"त्यांना माहीतच नाही?"

खर्ज्या वायरी मोजत राहिला.

"हे बघ," ठोक्या म्हणाला, "तू आमच्यात वाजव, त्यांच्यात वाजव, आणखी चार ठिकाणी वाजव. माझी ना नाही. पण त्या माणसाला सांग. हे असं पाठीमागून नको करूस."

"सांगतो," खर्ज्या म्हणाला. त्याला खरंच वाटत होतं की आपण सांगणार आहोत. रोज सकाळी चहाच्या वेळी शब्द ओठावर यायचे आणि भाऊजी विचारायचे, "पुढचा कार्यक्रम कधी रे?" की सगळं परत घशाखाली जायचं. अन्नाची चव गेली. भाऊजींच्या नजरेला नजर देणं त्याने सोडून दिलं. एकदा त्यांनी आपण होऊन त्याच्या बुटांना पॉलिश केलं, तर याला त्यांचा रागच आला. चांगलं वागणाऱ्या माणसाचा राग यावा इतकी आपली मजल गेली, हे त्याचं त्यालाच कळलं आणि दिवसभर त्याने स्वतःला शिव्या दिल्या.

आणि मग त्याने ती चूक केली. पेडलं फळीवर बसवायची ती वेल्क्रोच्या पट्टीने. या पट्टीच्या दोन बाजू असतात, एक काटेरी आणि एक मऊ. भाऊजींचा नियम ठरलेला होता: मऊ बाजू पाटाला, काटेरी बाजू पेडलांच्या पोटाला. कारण विचारलं तर म्हणायचे, "अंथरूण मऊ असावं, झोपणारा कसाही असो." खर्ज्याने घाईघाईत, एक डोळा दुकानाच्या दारावर ठेवून, छोट्या बोर्डाला काटेरी पट्टी चिकटवून टाकली. पेडल ठेवायला गेला तर काट्यावर काटा, चिकटेल कसं? पट्टीचा गोंद इतका पक्का की ती निघता निघेना. शेवटी त्याने बोर्ड तसाच ठेवला आणि चारही पेडलांच्या पोटावरची भाऊजींनी लावलेली पट्टी खरवडून तिथे मऊ पट्टी लावली. दोन दिवसांनी जुन्या बँडचा कार्यक्रम होता. तेव्हा पेडलं परत मोठ्या पाटावर ठेवायची होती. तो मनाशी म्हणाला, जड आहेत, राहतील जागेवर. मऊवर मऊ.

हॉलवर पाट खाली ठेवला की झाकण काढायचं काम भाऊजींचं. झाकण काढून ते प्रत्येक पेडल अंगठ्याने दाबून बघायचे, डॉक्टर पोट दाबून बघतो तसे. त्या दिवशी त्यांनी कॉम्प्रेसर दाबला आणि तो सरकला. ट्यूनर दाबला, तोही सरकला. भाऊजींनी पेडल उचलून उलटं केलं.

"खर्ज्या, याला मऊ पट्टी कुणी लावली?"

"जुनी निघाली होती. मी नवीन लावली."

"निघाली? माझी?" भाऊजींनी दुसरं उलटं केलं, तिसरं केलं, चौथं केलं. "आणि चौघांची एकदमच निघाली?"

खर्ज्या तारा जुळवायला लागला. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

भाऊजींनी चारही पेडलं परत जागेवर ठेवली, खिशातून चिकटपट्टीचं रीळ काढलं आणि प्रत्येकाला आडवी पट्टी मारून पक्कं केलं. मग अगदी हळू, जसं काही स्वतःलाच सांगत असावेत, म्हणाले, "मऊ पट्टी लावली म्हणजे ही कुठंतरी काटेरीवर बसतायत." त्या दिवशी ते पहिल्या रांगेत बसले नाहीत. मागे भिंतीला टेकून उभे राहिले आणि मान अजिबात डोलवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर त्यांनी विचारलं, "दुसरा पाट केलास?"

खर्ज्याने रिकामा कप हातात घेतला. "हो."

"कशाला?"

एवढा साधा प्रश्न. खर्ज्या कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. ताई ओट्याशी उभी होती. तिने एकदा भावाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे, आणि एकदम तिचा चेहरा उजळला.

"अहो, कशाला म्हणून काय विचारता? तुमच्या खांद्यासाठी असणार! दाराआड मलम चोळता ते काय आम्हाला दिसत नाही? यालाही दिसलं. म्हणून हलका केला त्याने. होय ना रे?"

खांद्याचा विचार खर्ज्याच्या मनात एकदाही आला नव्हता. पुठ्ठे कापताना नाही, स्क्रू पिळताना नाही, पट्टी खरवडताना तर नाहीच नाही. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मूग गिळून बसला. त्याचं हे गप्प बसणं ताईने आणि भाऊजींनी आपापल्या परीने वाचलं.

"असं आहे होय!" भाऊजी म्हणाले. "आणि मी रात्रभर काय काय विचार करत होतो. म्हटलं, आता याला आपली गरज उरली नाही. अरे वेड्या, मग लपवलास कशाला? मी काय रागावलो असतो?" त्यांनी खर्ज्याच्या पाठीवर थाप मारली. डाव्या हाताने. खर्ज्याला ती थोबाडीत मारल्यासारखी लागली.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले, कारण ते घरात सगळ्यांत आनंदाचे होते. भाऊजींनी छोटा बोर्ड घरी मागवून घेतला. "धार लागेल हाताला," म्हणत कडा कानशीने घासून गुळगुळीत केल्या. मधोमध एक मूठ बसवली. काटेरी पट्टी मात्र तशीच ठेवली. "तुझ्या पद्धतीनं केलायस, तसाच राहू दे." शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. "मेव्हण्यानं केला. माझ्या खांद्यासाठी." ताई खर्ज्याच्या ताटात न मागता वाढायला लागली. त्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. नव्या बँडचा पहिला कार्यक्रम आहे, तिथे हा बोर्ड न्यायचाय, एवढंच कसंबसं सांगितलं. जागा फार लहान आहे, असंही पुटपुटला.

"मग काय झालं?" भाऊजी म्हणाले. "आता तर मी एकटा उचलतो. तू फक्त गिटार घे."

कार्यक्रम दुपारचा होता. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली, केसांना पाणी लावून भांग पाडला. बसमधून उतरल्यावर छोटा बोर्ड हातात धरून ते असे चालत होते की जणू वजन नाहीच. कॉफीचं दुकान काचेचं, आत पाच-सहा टेबलं, कोपऱ्यात वाजवायची जागा. खर्ज्या आधी आत शिरला. टोपीवाला वायरी सोडवत होता. त्याने मान वर केली, दाराकडे पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"दादा, ते कोण? त्या दिवशीचेच ना? तुमचे कुणी आहेत का?"

"नाही, नाही," खर्ज्या म्हणाला. "सामान उचलायला आणलंय त्यांना."

तोंडातून गेलं. विचार करून बोलला असता तर बोलला नसता, पण याच माणसाने आयुष्यभर विचार करकरून गप्प राहण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि जेव्हा विचार न करता बोलला तेव्हा हे बोलला. त्याने मागे पाहिलं. भाऊजी दारात नव्हते. अगदी पाठीशी उभे होते.

त्यांनी बोर्ड दुसऱ्या हातात घेतला. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता.

"हा कुठं ठेवू, साहेब?" त्यांनी खर्ज्याला विचारलं. "तुम्ही सांगाल तिथं ठेवतो."

ज्या माणसाने याला कधी 'अरे'शिवाय हाक मारली नव्हती, तो त्याला अहोजाहो करत होता. खर्ज्याने बोटाने जागा दाखवली.

"काका, आता आलाच आहात तर तो आमचा स्पीकरपण आत घ्या ना," टोपीवाला म्हणाला. मुलगा काही उद्धट नव्हता. त्याला जे सांगितलं होतं तेच त्याने धरलं होतं. भाऊजींनी बाहेरून स्पीकर आणला. उजवा खांदा वर ओढला गेलेला खर्ज्याला दिसला. तो खाली वाकून वायरी जोडत राहिला. नंतर टोपीवाला म्हणाला, आत खुर्च्या गिऱ्हाइकांना लागतील, बाहेर बाकडं आहे. भाऊजी म्हणाले, "बरोबर आहे," आणि बाहेर जाऊन बसले.

सगळा कार्यक्रम खर्ज्याला काचेतून त्यांची पाठ दिसत होती. इस्त्रीचा शर्ट, ओल्या भांगाखालची मान. दोन गाण्यांच्या मध्ये उठून दार उघडायला कितीसा वेळ लागला असता? तो उठला नाही. आणि वाईट याचं की त्या दिवशी तो फार छान वाजवत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टोपीवाल्याने सगळ्यांची नावं सांगितली, याचंही खरं नाव सांगितलं. बाहेर बाकड्यावरच्या माणसाने काचेला पाठ लावूनच टाळ्या वाजवल्या.

परत येताना बसथांब्यावर खर्ज्या म्हणाला, "भाऊजी, ते मी मघाशी..."

"छान वाजवलंस," भाऊजी म्हणाले. "बस आली बघ."

घरी ताई दारातच उभी होती. हात पुसत, हसत.

"झाला का? कसा झाला? यांना बसवलंस कुठं?"

"पुढं," भाऊजी बूट काढता काढता म्हणाले. "अगदी पुढं."

"आणि ओळख करून दिलीस का रे यांची? का नेहमीसारखा मुखदुर्बळ?"

"दिली म्हणजे काय! आल्याआल्या दिली," भाऊजी म्हणाले. त्यांनी खर्ज्याकडे बघितलं नाही. "तो टोपीवाला पोरगा आहे ना, त्यानं हात मिळवला माझ्याशी. म्हणाला, तुम्हीच का ते, मोठा पाट घडवणारे? कॉफी पाजली. फेसाची. मी म्हटलं, अरे, साखर कुठंय यात?"

ताई हसत सुटली. तिचा चेहरा असा फुलला होता की खर्ज्याला बघवेना. ते आपल्यासाठी खोटं बोलतायत, आपण केलेलं झाकतायत, आणि आपण उभे आहोत. आतापर्यंत इतकं गिळलं होतं की आता आणखी काही गिळणं त्याला जमणारच नव्हतं.

"ताई, असं काही झालं नाही," तो म्हणाला. "मी ओळख करून दिली नाही. हे आमचे कुणी नाहीत म्हणालो. सामान उचलायला आणलंय म्हणालो. यांनी ऐकलं. यांनी त्यांचा स्पीकर उचलला आणि सगळा वेळ बाहेर बाकड्यावर बसून राहिले."

बोलून झालं आणि त्याला एकदम मोकळा श्वास आला. किती दिवसांनी! चुकलो म्हणून भाऊजींचे पाय धरावेत या विचाराने तो वळला.

ताई त्याच्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. त्या इस्त्रीच्या शर्टाकडे, जो तिने सकाळी स्वतः इस्त्री केला होता. आणि भाऊजी जमिनीकडे बघत होते.

"तुला कुणी विचारलं होतं?" भाऊजी म्हणाले.

"भाऊजी, मला राहवेना. इतकं मनाला लागलं होतं..."

"तुझ्या मनाला लागलं होतं, ते तू काढून टाकलंस. बरं वाटलं तुला." त्यांचा आवाज चढला नव्हता. "आता ही माझ्याकडे अशी बघणार. जेवायला वाढताना बघणार, मी दाढी करायला बसलो की बघणार. तिथं बाहेर बसून मी दुसरं काय करत होतो? हिला घरी गेल्यावर काय सांगायचं ते जुळवत होतो. फेसाची कॉफीसुद्धा जुळवली होती."

आपण पहिल्यांदाच धीर केला आणि तोही यांच्याच जिवावर केला, हे खर्ज्याला आता कळत होतं. पण एकदा तोंड उघडलं होतं, आणि आत अजून एक उरलं होतं. ते राहिलं तर आपण सुटलो नाही असं त्याला वाटलं.

"आणि तो पाट," तो म्हणाला. "तो छोटा पाट, भाऊजी, तोसुद्धा मी..."

भाऊजींनी हात वर केला.

"थांब." त्यांनी मान वर करून आज पहिल्यांदा सरळ त्याच्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं. कदाचित पहिल्या दिवसापासूनच माहीत होतं. "तो कशासाठी केलास, ते मला ठाऊक आहे. हिला सांग, कशासाठी केलास."

ताई दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"सांग, खर्ज्या," भाऊजी म्हणाले. "तेवढं तरी राहू दे मला."

खर्ज्या ताईकडे वळला.

"यांच्या खांद्यासाठी केला, ताई," तो म्हणाला. "खांदा दुखतो ना यांचा. म्हणून केला."